गोल्फमध्ये ग्रीनवर तीन पट का लागतात? साताऱ्यात राहून पटिंग कसं सुधारावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहता, नोकरीतून मोकळे झाल्यावर गोल्फ धरलंत, महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन खेळता. ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचे लांब फटके, बरे जातात, मधल्या अंतराचं आयर्नही हाताशी आलंय, पण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोचलं की गाडी अडते. दर तिसऱ्या-चौथ्या होलला तीन पट (पट म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवणारा हलका फटका), राउंडला चाळीसच्या वर. घराजवळ ग्रीन नाही, मग सराव करायचा कुठे? आणि स्ट्रोक वाकडा जातोय म्हणून नवा मॅलेट, म्हणजे मोठ्या डोक्याचा, पटर घ्यावा का?

पटरचं शेवटी बघू. आधी तुमच्या निदानाबद्दल बोलतो, कारण ते मला मान्य नाही. माझ्याकडे शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘स्ट्रोक वाकडा जातो’ हेच सांगत येतो. ग्रीनवर उभं राहून बघितलं की दिसतं ते वेगळंच. पहिला पट एक तर दोन मीटर अलीकडे थांबलेला असतो, नाहीतर तीन मीटर पुढे पळालेला. दिशा बहुतेक वेळा ठीकठाक असते.

कागदावर हिशेब करून बघा. समजा होल बारा मीटरवर आहे, म्हणजे साधारण चाळीस फुटांवर. पटरचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, एका अंशाने चुकला तर बॉल होलपाशी पोचेपर्यंत २१ सेंटीमीटर बाजूला जाईल. म्हणजे वीतभर. तिथून पुढचा पट कुणीही घालेल. आता दिशा अचूक ठेवा आणि वेग फक्त दहा टक्के जास्त लावा. बॉल किती लांब जाणार हे वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग १० टक्के वाढला की अंतर २१ टक्के वाढतं. बारा मीटरचा बॉल साडेचौदा मीटरवर जाऊन थांबतो, होलच्या अडीच मीटर पुढे. अडीच मीटर म्हणजे आठ फूट, आणि आठ फुटांवरून अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. ज्यांचा घरसंसार पटिंगवर चालतो त्यांची ही गत, तर तुमच्या-माझ्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

तेव्हा लांबच्या पटला वेग सांभाळायचा आणि जवळच्या पटला फेस. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचा सराव वेगळा आणि जागाही वेगळी. फेसचं काम साताऱ्यात घरी होतं, रोज दहा मिनिटांत. वेगाचं काम पुण्याच्या ग्रीनवरच होतं, पण त्यासाठी राउंडच्या आधीचा वेळ नीट वापरावा लागतो. उतार वाचायला शिकायचं म्हणाल तर तुमच्या गच्चीसारखी शाळा नाही. ते कसं ते पुढे सांगतो.

पुढच्या राउंडला आधी एक करा. नुसते पट मोजू नका. पार ७२च्या कोर्सवर, म्हणजे जिथे अठरा होल ७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित असतं तिथे, दर ग्रीनला दोन असे ३६ पट धरलेलेच असतात, त्यामुळे चाळीस हा आकडा ऐकायला वाटतो तेवढा भयंकर नाही. शिवाय तो फसवा आहे. ग्रीन चुकवून बाहेरून छोट्या उचललेल्या फटक्याने (चिप) बॉल होलजवळ टाकणाऱ्याचे पट कमीच दिसतात. त्याऐवजी स्कोअरकार्डाच्या कडेला प्रत्येक होलला दोन गोष्टी लिहा: पहिला पट किती पावलांवरून मारला, आणि तो होलच्या किती अलीकडे किंवा पलीकडे थांबला. दोन राउंडांत चित्र स्पष्ट होईल. पैज लावून सांगतो, बहुतेक बॉल अलीकडे थांबलेले असतील.

आता घरचं काम. उभं राहण्यापासून सुरुवात करू, कारण इथे चुकलं की पुढचं सगळं त्या चुकीला सांभाळून घेण्यात जातं.

डोळे कुठे आहेत ते तपासायला गवंड्याचा ओळंबा घ्या. नसेल तर दोऱ्याला किल्ली बांधा. पटिंगला वाकून उभे राहा आणि दोरा दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी धरा. किल्ली बॉलवर किंवा बॉलच्या जरा आत, तुमच्या पायांच्या बाजूला लटकली पाहिजे. ती बॉलच्या पलीकडे जात असेल तर तुम्ही फार वाकून, बॉलवर ओणवे होऊन उभे आहात, आणि होलकडे जाणारी रेष तुम्हाला खरी आहे तिथे दिसतच नाही. बॉल दोन पायांच्या मध्यापासून किंचित डावीकडे हवा (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी). शाफ्ट, म्हणजे पटरची दांडी, जवळजवळ उभा. पटरच्या फेसला तीन-चार अंशांचा लॉफ्ट, म्हणजे मागे कललेला कोन, मुद्दाम ठेवलेला असतो, कारण बॉल गवतात जरासा रुतून बसतो आणि तिथून त्याला हलकेच बाहेर काढावं लागतं. हात फार पुढे ढकलले की तो लॉफ्ट मरतो, बॉल जमिनीत दाबला जातो आणि पहिल्याच टप्प्याला उडतो. हात मागे राहिले तर बॉल हवेत उचलला जातो. दोन्हीकडे वेगाचा अंदाज गेलाच.

पकड तळहातात घ्या, बोटांत नको. ड्रायव्हर बोटांत धरतात कारण तिथे मनगट मोडायला हवं असतं. इथे ते नकोच आहे. किती घट्ट धरायचं याचं मोजमाप मी देत नाही. सैल धरणारेही उत्तम पट करतात आणि घट्ट धरणारेही. नडतं ते मध्येच बदलणं. बॉलपाशी पोचताना मूठ आवळली की फेस फिरतो. मनगट तरीही मोडत असेल तर डावा हात खाली घेऊन बघा. आठवडाभर विचित्र वाटेल, मग वाटणार नाही.

स्ट्रोक खांद्यांनी हलवायचा. खांदे, हात आणि पटर मिळून एकच वस्तू झाली पाहिजे. आणि कृपा करून पटर रेषेत सरळ मागे, सरळ पुढे नेण्याच्या नादी लागू नका. शाफ्ट तिरपा असतो, त्यामुळे पटर जरासा कमानीत आत जाणारच. बॉल कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः आदळण्याच्या क्षणी फेस कुठे बघतोय त्यावर ठरतं. पटर कोणत्या वाटेने आला याचा त्यात वाटा थोडा. लोक वाट सरळ करण्यात महिने घालवतात आणि फेसकडे बघतही नाहीत.

फेस तपासायला घरातली वस्तू पुरते. टीव्हीच्या रिमोटमधले दोन पेन्सिल सेल काढा. बॉलपासून अर्धा मीटर पुढे, फरशीवर उभे ठेवा, मध्ये पाच सेंटीमीटरची फट. बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जागा उरते. सेल न पाडता बॉल मधून गेला तर तुमची दिशा अर्ध्या अंशाच्या आत आहे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. या अचूकतेने मारलेला सरळ पट तीन मीटरवरून होलच्या मध्यापासून दोन-अडीच सेंटीमीटरच सरकेल. म्हणजे आत. सेल पडला की शाहबादी फरशीवर असा खणखणीत आवाज येतो की घरच्यांना सांगावं लागत नाही काय झालं ते. उजवा सेल पडत असेल तर फेस उघडा राहतोय, डावा पडत असेल तर बंद होतोय. एवढं कळलं की दुरुस्ती आपोआप सुरू होते. बॉल किती लांब जातो याकडे इथे बघू नका. गुळगुळीत फरशीवरचं अंतर ग्रीनवर काही कामाचं नाही. समोर भिंतीला उशी लावून ठेवा म्हणजे झालं.

सेल पडत नाहीत, पण आवाज कधी भरीव आणि कधी पोकळ येत असेल, तर बॉल फेसच्या मधोमध लागत नाहीये. पटर दोन बोटांत वरून लटकवा आणि फेसवर पेनाने टकटक करत पुढे सरका. जिथे टकटक केल्यावर डोकं न वळता सरळ मागे जातं ती खरी मधली जागा. कंपनीने वर काढलेली खूण दरवेळी तिथेच असेल असं नाही. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक रबरबँड गुंडाळा, मध्ये बॉल लागेल एवढीच जागा ठेवून. रबरावर लागलेला बॉल मेल्यासारखा निघतो आणि भलतीकडे जातो. आडबाजूला लागलेला बॉल अंतरही कमी जातो, म्हणजे तुमच्या अलीकडे थांबणाऱ्या पटांपैकी काहींचं मूळ इथेच निघेल. हे काम मन लावून करा, बाकी कुठल्याही व्यायामापेक्षा याचं फळ लवकर मिळतं.

लयीसाठी मी शिकणाऱ्यांना ‘ग्यानबा-तुका’ म्हणायला लावतो. ‘ग्यानबा’ म्हणत पटर मागे, आणि ‘तु’वर बॉल. मागे जायला लागणारा वेळ पुढे येऊन बॉलला लागण्याच्या वेळेच्या साधारण दुप्पट असतो, आणि चांगल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण लहान पटला आणि लांब पटला फारसं बदलत नाही. बदलते ती झोक्याची लांबी. लांब पट आला की घाईने फटका ओढायचा आणि लहान पट आला की बॉलपाशी कच खायची, या दोन्ही खोडी ‘ग्यानबा-तुका’त पकडली जातात, कारण शब्द घाईत म्हटले की स्वतःलाच ऐकू येतं. लोणंद-फलटणकडचे लोक हे फार पटकन उचलतात, वारीचा ठेका कानातच असतो.

आता गच्ची. आपल्याकडे स्लॅबवर कोबा करताना पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून गवंडी ढाळ देतो, साधारण शंभराला एक, कधी त्याहून जास्त. बघताना गच्ची सपाट दिसते. ग्रीनही अशीच फसवते. होलच्या आसपासचा उतार बऱ्याचदा शंभराला एक ते तीन एवढाच असतो आणि तेवढ्यावर बॉल हातभर वळतो. म्हणून गच्चीवर एक जाजम किंवा जाड सतरंजी ताणून अंथरा. कोबा उघडा असेल तर बॉल खडबडीत जागी उड्या मारतो. चायना मोझॅकच्या गच्चीवर तर जाजमाशिवाय काहीच होणार नाही.

मग दोन इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून अर्धी नळी करा. एक टोक विटेवर टेकवा, दुसरं जाजमावर. नळीच्या वरच्या टोकापाशी एक खूण करून दरवेळी तिथूनच बॉल सोडा. आता तुमचा स्ट्रोक या खेळात नाहीच. वेग दरवेळी तोच, दिशा तीच. जे काही वळण दिसतं ते निव्वळ उताराचं. पुढे तीन-चार मीटरवर एक वाटी उपडी ठेवा आणि बॉल तिला लागावा म्हणून नळी कुठे रोखायची ते आधी मनाशी ठरवा, मग सोडून बघा. पहिल्या पाच-सहा वेळा बॉल वाटीच्या खालच्या अंगाने जाईल. प्रत्येकाचा जातो. आपण उतार नेहमी कमी धरतो. मैदानावरही हौशी खेळाडूचे वळणारे पट बहुतांशी खालच्या बाजूनेच चुकतात, आणि खालून गेलेल्या बॉलला होलमध्ये पडायची संधीच नसते. वरच्या बाजूने चुकलेला बॉल निदान होलकडे वळत तरी असतो.

याच नळीने आणखी एक बघा. वीट काढून तिथे फक्त एक पुस्तक ठेवा, म्हणजे बॉल हळू येईल. त्याच उतारावर तो जास्त वळेल. आणि वळण नेमकं कुठे घडतं ते बारकाईने बघा. सुरुवातीला बॉल जवळजवळ सरळ जातो, वेग मेला की शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात एकदम खाली झुकतो. म्हणून ग्रीन वाचताना होलच्या आसपासचा दोन-तीन पावलांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, तुमच्या पायांपाशी काय उतार आहे त्याचा परिणाम कमी. मात्र गच्चीवरची मापं पुण्याला नेऊ नका. जाजमाची पकड आणि गवताची पकड वेगळी. इथून नजर घेऊन जायची.

जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवर खेळता येणार नाही, पण सर येऊन गेली की वर जाऊन पाणी कसं सरकतंय ते बघा. ग्रीन बांधणाराही पाणी कुठून काढायचं याचाच विचार आधी करतो. तुम्ही ग्रीनवर चढताना स्वतःला विचारा: इथे चार बादल्या पाणी ओतलं तर ते कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडेल? अर्धा अंदाज तिथेच लागतो. बाकीचा अर्धा पायांना लागतो. बॉल आणि होलच्या मध्ये, रेषेच्या बाजूला उभे राहा. कुठल्या पायावर जास्त भार येतोय ते डोळे मिटून जाणवतं. आणि शक्यतो खालच्या बाजूने चालत जाऊन बघा, उतार वरून दिसतो त्यापेक्षा खालून खरा दिसतो.

गवताचा कल हा आपल्या हवेत वेगळा धडा आहे. आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं आणि ते एका दिशेला झोपतं. होलकडे बघताना गवत चकाकताना दिसलं तर ते तुमच्यापासून दूर झोपलंय, बॉल भरभर जाईल. काळपट दिसलं तर तुमच्या अंगावर येतंय, जोर जास्त लागेल. शंका असेल तर होलची कड बघा. एका बाजूला कड स्वच्छ कापलेली असते, दुसऱ्या बाजूला झिजून फाटल्यासारखी. गवत फाटलेल्या बाजूकडे वाढतंय. उतार आणि गवत एकाच दिशेला असले तर जेवढं वळण धराल त्याहून थोडं जास्तच धरा. आणि बॅग घेऊन चालणाऱ्या कॅडीला विचारा. तुमच्या पाठीशी उभा असलेला माणूस त्या ग्रीनवर रोज उन्हातान्हात फिरतो. तो ‘एक कप बाहेर, चढ आहे’ (म्हणजे होलच्या रुंदीएवढं बाजूला रोखा) म्हणाला की मी तरी वाद घालत नाही.

वेगाकडे येतो. साताऱ्याहून निघताना खंबाटकीत ट्रकांची रांग लागेल हे धरून निघा आणि टी-टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या, निदान अर्धा तास आधी कोर्सवर पोचा. बहुतेक लोक तो वेळ ड्रायव्हर मारण्यात घालवतात. तुम्ही पटिंग ग्रीनवर जा. ग्रीनचा वेग रोज बदलतो. सकाळच्या दवात बॉल जड चालतो, ऊन वर आलं की तोच ग्रीन पळायला लागतो. पावसाळ्यात गवत जोमात असतं म्हणून संथ, कोरड्या दिवसांत जलद. ग्रीनचा वेग मोजायचं स्टिंपमीटर नावाचं उपकरण असतं. १९३५ साली अमेरिकेत एडवर्ड स्टिंपसन यांनी ते बनवलं. मुळात ती एक खाच असलेली ३६ इंची पट्टी. एक टोक उचलत गेलं की साधारण २० अंशांवर बॉल सुटतो आणि सपाट ग्रीनवर किती फूट गेला तोच त्या ग्रीनचा आकडा. तुमच्या गच्चीवरची पाइपची नळी त्याच जातीची. पण आठचा ग्रीन की दहाचा हे बोर्डवर वाचून हाताला काही कळत नाही. त्यासाठी मी असं करायला लावतो.

सपाट जागा बघा. होल नकोच. पटर उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मागे न्या, ‘ग्यानबा-तुका’, सोडा. बॉल किती पावलं गेला ते मोजा. तीन बॉल मारा, सरासरी धरा. समजा आज सात पावलं आली. मग अंगठ्याच्या वीतभर पलीकडून मारा आणि पुन्हा मोजा. हे दोन आकडे म्हणजे तुमचं आजचं माप. पुढच्या वेळी तेच आकडे येणार नाहीत, येऊही नयेत. कोर्सवर पट आला की बॉलपासून होलपर्यंत चालत जाऊन पावलं मोजा. तुमच्या पाठीमागचा गट थांबलेला असेल तर भराभर चाला, पण मोजा. चढ असेल तर एक-दोन पावलं वाढवून धरा, उतार असेल तर कमी करा.

एकदा माप मिळालं की दुसरा खेळ. होलकडे बघतच चार-पाच लांब पट मारा, बॉलकडे अजिबात बघायचं नाही. लहानपणी गोटी टाकताना आपण हाताकडे बघत नव्हतो, खळग्याकडे बघत होतो. नजर लक्ष्यावर असली की हात अंतर आपणच जुळवून घेतो. यातले एक-दोन बॉल वाईट लागतील, लागू द्या. मग डोळे मिटून मारा आणि डोळे उघडण्याआधी मोठ्याने सांगा, ‘कमी’ की ‘जास्त’. अंदाज बरोबर यायला लागला की हाताला वेग कळायला लागला असं समजा. माप काढणं सोडून या खेळाला एकच बॉल वापरा. तीन बॉल टाकून एकाच जागेवरून मारले की दुसरा-तिसरा बरोबर जातोच, आणि खेळताना दुसरा-तिसरा मिळत नाही.

लांबच्या पटला होल हे लक्ष्यच ठेवू नका. होलभोवती मीटरभर त्रिज्येचं वर्तुळ मनात आखा, त्यात बॉल थांबला की काम फत्ते. घालण्याजोग्या अंतरावर, म्हणजे तीन मीटरच्या आत, हिशेब वेगळा. तिथे बॉल होलपर्यंत पोचून थोडा पुढे जाईल एवढा वेग हवा. डेव्ह पेल्झ या अमेरिकन प्रशिक्षकाने प्रयोग करून होलच्या पुढे १७ इंच हा आकडा काढला होता. मी तो सरळ चढाच्या पटला वापरतो, उतारावर मात्र नाही. उतारावर कडेकडेने आत पडेल एवढाच वेग. जोरात आलेल्या बॉलला होल लहान होतं, कडेला लागला की फिरून बाहेर.

मीटरभराच्या पटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सेलमधून बॉल जातोय तर हा पट तुम्हाला येतोच, चुकतो तो डोकं वर काढल्यामुळे. बॉल पडल्याचा आवाज कानांनी ऐका, डोळ्यांनी बघायला जाऊ नका. मात्र एक चुकला म्हणून स्वतःला खात बसू नका. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीचा २०१५च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये शेवटच्या दिवशी अठराव्या होलवर असाच छोटा पट हुकला आणि सामना गेला, सगळ्या जगासमोर. त्याच लाहिरीने २०२२च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. हात थरथरून पट अडखळत असतील, महिनोन्‌महिने, तर गोष्ट वेगळी. त्याला यिप्स म्हणतात आणि बर्नहार्ड लँगरसारख्या दिग्गजालाही त्याने छळलं. तिथे पकड पूर्ण बदलणं हाच उपाय बऱ्याचदा चालतो. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

नियमांतल्या दोन सवलती वापरा, बरेच जण विसरतात. २०१९पासून झेंडा होलमध्ये ठेवूनही ग्रीनवरून पट मारता येतो. उताराच्या लांब पटला मी तो काढत नाही. आणि रेषेवरचे बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे आता दुरुस्त करायला परवानगी आहे. आधी फक्त बॉल पडून झालेले खड्डे आणि जुन्या होलचे डाग नीट करता यायचे.

सरावाची जागा शोधताना शाहू स्टेडियमकडे किंवा कुठल्या क्रिकेटच्या मैदानाकडे नजर जाईल. आउटफील्डचं गवत पटिंगसाठी निरुपयोगी आहे, बॉल दर हातावर ठेच खातो. पिच कापलेलं आणि रोल केलेलं असतं, मोह होतो, पण माळी तुम्हाला तिथे उभं करणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. त्यापेक्षा घरी दोन-तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांवर मारा: उघडी फरशी, सतरंजी, माणदेशी घोंगडी असेल तर ती. प्रत्येकीवर पहिल्या दोन बॉलांत वेग जुळवायचा प्रयत्न करा. घोंगडीवर बॉल पावसाळ्यातल्या ग्रीनइतका चिकटून चालतो. अंतर पाठ करण्यासाठी हे नाही. नव्या जागी हात किती लवकर जुळतो, ते शिकण्यासाठी आहे.

तुम्ही लिहिलंय की वयामुळे ड्राइव्हची लांबी कमी होत चाललीय म्हणून खेळ खालावतोय. टोकियो ऑलिम्पिकची शेवटची फेरी आठवते का? ७ ऑगस्ट २०२१, ज्या संध्याकाळी नीरजने सुवर्ण जिंकलं त्याच दिवशी सकाळी अदिती अशोक पदकासाठी झुंजत होती. ड्राइव्हच्या लांबीत ती त्या मैदानात जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती. तरी चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिला तिथवर पटरनेच नेलं.

आता राहिला नवा पटर. मॅलेटचं डोकं मोठं, वजन कडेला वाटलेलं, त्यामुळे बॉल मधोमध न लागला तरी तो कमी फिरतो. रबरबँडच्या कसोटीत तुम्ही वारंवार नापास होत असाल तर मॅलेटचा फायदा होईल. सेल पडत असतील तर थोडाफार होईल. वेग चुकत असेल तर अजिबात नाही, उलट नव्या वजनाची सवय होईपर्यंत आणखी बिघडेल. म्हणून दोन महिने वरचं करा, मग ठरवा. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी आत्ताच्या पटरची लांबी बघा. दुकानात बहुतेक पटर ३४-३५ इंची मिळतात आणि आपल्या बऱ्याच लोकांना ते लांब पडतात. कोपर अंगाला अडकतात, डोळे बॉलच्या आत जातात. ओळंब्याच्या कसोटीत किल्ली बॉलच्या बरीच आत पडत असेल तर पकड इंचभर खाली सरकवून एक राउंड खेळा. बरं वाटलं तर शाफ्ट कापून घ्या, पण एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, कारण शाफ्ट कापला की डोकं हलकं लागतं आणि कापलेलं परत जोडता येत नाही. कापताना ग्रिप नवीन बसवावीच लागते, तेव्हा जरा जाड ग्रिप मागा. मनगट मोडणाऱ्याला ती सोयीची पडते.